रकाने भरले, पण मूल्य ठरले काय?

घराचे मूल्य ठरविणे हे तराजूत धान्य तोलण्याइतके सरळ काम नव्हे. तरीही कर्ज देणाऱ्या संस्थेला आणि ते घेणाऱ्या कुटुंबाला एक विश्वासार्ह आकडा लागतोच. अमेरिकेत तो ठरावीक नमुन्यातील अहवालातून येतो. गृहकर्जे विकत घेणाऱ्या ‘फॅनी मे’ आणि ‘फ्रेडी मॅक’ या संस्थांनी तो नमुना रूढ केला. खोल्या, क्षेत्रफळ, विकल्या गेलेल्या किमान तीन घरांशी तुलना, असे सारे रकान्यांत मांडलेले असते. २०११ पासून तर घराची स्थितीही सी-१ ते सी-६ या सहा श्रेणींतच सांगण्याचा दंडक आला.

ही शिस्त निरर्थक नाही. १९८० च्या दशकात तेथील बचत व कर्ज संस्था मोठ्या संख्येने कोसळल्या. सदोष मूल्यांकने हे त्याचे एक कारण होते. म्हणूनच १९८९ च्या कायद्याने मूल्यांककांना परवाने आणि समान मानदंड लागू केले.

मग २००८ चे अरिष्ट का टळले नाही? नमुना होता, परवाना होता, रकानेही नेटके भरलेले होते. नव्हते ते निर्भय वातावरण. २००० ते २००७ या काळात ११ हजार मूल्यांककांच्या स्वाक्षऱ्यांचे निवेदन वॉशिंग्टनमधील अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचले होते. कर्जसंस्था किमती फुगविण्यासाठी दबाव आणतात, अशी त्यांची तक्रार होती. न ऐकणाऱ्याला पुढचे काम मिळत नसे. तुलनेसाठी नेमकी कोणती घरे निवडावीत, हे कोणताही रकाना सांगत नाही. तेथे मूल्यांककाची विवेकबुद्धीच कामी येते, आणि दबावही तेथेच पडतो.

२०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने असा दबाव बेकायदा ठरविला. २०१४ पासून अहवालाची प्रत कर्जदाराला देणेही बंधनकारक झाले. परंतु धोका रूप बदलून येतो. आज हे रकाने संगणक तपासतो आणि इतरांहून वेगळा आकडा दिसताच शंका घेतो. अशा वेळी प्रत्यक्ष पाहिलेले लिहावे की यंत्राला रुचेल ते? दबाव माणसाचा असो वा यंत्राचा, परिणाम एकच.

भारतातही २०१७ च्या नियमांनी कंपनी कायद्याखाली नोंदणीकृत मूल्यांककांची व्यवस्था आणली. तिचे स्वागतच, पण अमेरिकेचा धडा विसरता कामा नये. वस्तुस्थितीची नोंद नमुन्याने करावी, निर्णय मात्र मूल्यांककाचाच असावा. ज्याला कर्जवाटपाचे उद्दिष्ट गाठायचे आहे, त्याच्या हाती मूल्यांककाची निवड नसावी. आयुष्यभराची पुंजी घरात घालणाऱ्या कुटुंबानेही सहीपूर्वी अहवालाची प्रत आग्रहाने मागावी. नेटका अहवाल म्हणजे खरा अहवाल नव्हे. त्याखाली सही करणारा हात मोकळा असावा लागतो.