आधी वारा बघा, मग पतंग

संक्रांतीला पतंग घेताना आपण केवढे चिकित्सक असतो! कामटी वाकवून बघतो, कागद उजेडात धरून भोक आहे का ते तपासतो, कन्नी कुणी बांधायची यावरून भांडतो. दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी एवढी पारख. आणि लाखाच्या घरात जाणारा काइट मात्र इन्स्टावर रंग बघून ठरतो. हे काही मला झेपत नाही.

विषय काइटसर्फिंगचा आहे. गोव्यात मोरजी-अश्वेच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी गेलात तर आकाशात कमानीसारखे मोठे पतंग आणि त्यांच्यामागे बोर्डवर ओढली जाणारी माणसं दिसतात. आमच्या वाकोल्यातून दोघं-तिघं गेल्या सीझनला तिथे शिकून आले आणि आल्या आल्या कट्ट्यावर चर्चा सुरू: आता स्वतःचा काइट घ्यायचा, टीटीएमएम काढून. घ्या की! पण कुठला?

एक गोष्ट आधी सांगते. वाकोल्यात बसून हा प्रयोग होणार नाही. आपण विमानतळाला खेटून राहतो, आणि त्या परिसरात पतंग, फुगे, लेझर यांच्यावर मुंबई पोलिसांचे मनाई आदेश निघत असतात. जुहूला जाऊ म्हणाल तर तिथे गर्दी आहे आणि किनाऱ्याला लागूनच हेलिकॉप्टरचा तळ. वीस-बावीस मीटर लांब, ताणलेल्या चार दोऱ्या भेळ खाणाऱ्या माणसांमधून फिरल्या तर काय होईल, हे मांज्याने कापलेले गळे बघितलेल्या शहराला सांगायला नको. तेव्हा उडवायचं ते शाळेच्या देखरेखीत, मोकळ्या पाण्यावर.

आता निवड. दुकानदार आणि व्हिडिओवाले ‘ऑल-राउंड’ हा शब्द कशालाही चिकटवतात. खरं तर या खेळात काइटचे स्वभावच वेगवेगळे असतात. सी-काइट इंग्रजी सी अक्षरासारखा खोल वाकलेला. उड्या आणि करामती करणाऱ्यांचा लाडका, पण तो ओढ सहजासहजी सोडत नाही आणि पाण्यात पडला की उठवताना जीव खातो. फॉइल काइट शर्यतीचा. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला आणि सिंगापूरच्या मॅक्स मेडरने 17व्या वर्षी ब्राँझ घेतलं, तेव्हा त्याच्या डोक्यावर होता तो या जातीचा. बघायला भारीच. पण एफ वन बघून कुणी पहिली गाडी घेतं का?

नवशिक्यासाठी उरतात बो, डेल्टा आणि त्यांचं मिश्रण असलेले हायब्रिड. चपटी कमान, पुढच्या कडेला कन्नीसारखी बांधलेली दोऱ्यांची जाळी. बार लांब ढकलला की ओढ जवळजवळ संपते. आपण मांज्याला ढील देतो ना, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे दोरी सोडायची नसते, पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो. याचं श्रेय ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांना. त्यांनी 1984 साली हवा भरायच्या नळ्यांचा, पाण्यात पडूनही पुन्हा उठणारा पतंग पेटंट केला आणि पुढे बो-काइटही त्यांच्याच डोक्यातून आला. समुद्रात एकटे असताना पतंग उठतो की नाही हा स्टाइलचा प्रश्न नसतो. न उठणारा पतंग म्हणजे पोहत परत येणं, आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर तेही नाही.

खरी गफलत होते ती साइझमध्ये. नेटवरच्या चाचण्या बहुतेक ऐंशी किलोच्या पुरुषांनी, स्पेन नाहीतर दक्षिण आफ्रिकेच्या दणदणीत वाऱ्यात केलेल्या असतात. ढोबळ हिशोब असा: वजन किलोत घ्या, वाऱ्याच्या नॉटने भागा, 2.2ने गुणा, उत्तर चौरस मीटरमध्ये. ऐंशी किलो आणि 22 नॉट म्हणजे 8 मीटर. गोव्यातली दुपार साधारण बारा-चौदा नॉटची धरली तर त्याच माणसाला तेरा-चौदा लागेल आणि 55 किलोच्या मुलीला नऊ-दहाच्या आसपास. म्हणजे ज्या ‘नऊ मीटर, सगळीकडे चालतो’ काइटचं व्हिडिओत कौतुक ऐकलं, तो आपल्या सत्तर किलोच्या मित्राला अश्वेला नुसता वाळूवर बसवून ठेवेल. आणि टीटीएमएमचा बेतही इथेच फसतो. 52 आणि 78 किलोच्या दोघांत एक काइट म्हणजे एक जण कायम उपाशी नाहीतर एक जण कायम घाबरलेला. भागीदारी करायचीच तर वजनं जुळवून करा, मैत्री नंतर बघू!

माझं मत विचाराल तर पहिल्या सीझनला काहीच विकत घेऊ नका. भाड्याने घ्या आणि तपासा. तपासायची पद्धतही सरळ आहे: एकाच दुपारी, एकाच बोर्डवर, एकाच साइझचे दोन काइट. वारा, बोर्ड आणि काइट तिन्ही बदलले तर कशाने काय झालं ते कळणार कसं? पतंग डोक्यावर उभा करा. तो स्वस्थ राहतो की मागे ढासळतो बघा. बार पूर्ण सोडा. ओढ खरंच संपते का? मुद्दाम पाण्यात पाडा आणि हलक्या वाऱ्यात उठवा. सेफ्टी ओढा, एकदा नव्हे, तीनदा, ओल्या हाताने आणि न बघता. इन्स्ट्रक्टर जवळ असताना हे सगळं करायला लाज वाटत असेल तर तो नसताना काय कराल?

सेकंडहँड घेणाऱ्यांचा गृहपाठ वेगळा. हवा भरून काइट दोन-तीन तास तसाच ठेवा. नळी मऊ पडली तर कुठेतरी गळती आहे. कापड चुरगाळून बघा, नव्याची कुरकुर गेलेली असेल तर उन्हाने ते खाल्लंय. चारही दोऱ्या एका खांबाला अडकवून बार ओढा. एखादी ताणून लांब झाली असेल तर बार तिरका होतो, आणि असा पतंग कायम एका बाजूला पळतो. विकणारा म्हणाला ‘दोनदाच वापरलाय’, तर हसा आणि खांब शोधा.

आणि तारीख बघा. मे संपला की गोव्यातला सीझन आटोपतो, पावसाळ्यात समुद्र बंद, मग जूनमध्ये ‘अर्जंट सेल’चे मेसेज ग्रुपवर फिरू लागतात. भाव मोहात पाडणारा असतो. पण जूनमध्ये घेतलेला काइट पाण्यात पाडून बघायला जानेवारी उजाडतो, तोवर विकणाऱ्याने नंबर बदललेला असू शकतो. इतकीच घाई असेल तर रामेश्वरमची चौकशी करा. तिथे नैऋत्येच्या वाऱ्यावरही काइट उडतात. ट्रेनचं तिकीट काइटपेक्षा खूपच स्वस्त आहे.