पाणी ओसरले, भीती?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्यातल्या वस्त्यांत शिरले, पाठोपाठ मगरीही आल्या. पाणी ओसरले, चिखल निघाला, भिंतींना रंग लागला. पुढे मात्र नुसता जोराचा पाऊस आला तरी काही मुले दचकून उठतात, दप्तर उचलून उंचावर ठेवतात. मगर आपल्या मुलांना नवी नाही. दाराशी आलेली मगर वेगळी.

"एवढा मोठा झालास नि घाबरतोस काय?" पालकहो, हे बोलणे आता पुरे. हा हट्ट नव्हे, नाटक तर नव्हेच. धोका टळला तरी शरीर सावधच राहते. काळे ढग, चिखलाचा वास एवढेही पुरते. बहुतेकांचे हे काही आठवड्यांत कमी होते. महिन्याहून जास्त टिकले, झोप आणि अभ्यास बिघडला, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. त्यात लाज कसली? तापाला दवाखाना गाठतोच ना!

शाळा, खेळ, जेवण नेहमीच्या वेळी असू द्या. मूल बोलले तर ऐका, पण खोदून विचारू नका. आणि "पाणी पुन्हा येणारच नाही" असे खोटे वचन नको. त्यापेक्षा, आले तर कोणत्या मजल्यावर जायचे, आजीचा हात कोणी धरायचा, हे त्याच्याबरोबर बसून ठरवा.