नाव चोरीचं, मनगट आपलं

कनेरगाव नाक्यावर पूर्वी निजामाचं राज्य संपायचं आणि वऱ्हाड सुरू व्हायचा. आज तिथली माणसं हिंगोली-वाशीम रस्ता धरून किंवा अकोला-पूर्णा मार्गावरची गाडी पकडून निघतात आणि पार बँकॉक, पट्टाया, दुबईपर्यंत जाऊन येतात. कुणी मुलाच्या पगारावर जातो, कुणी सहल कंपनीकडे पैसे भरून. टार्गेट पूर्ण केलं म्हणून खत-बियाण्यांच्या कंपनीनेच कुणाला नेलेलं असतं. जाणाऱ्याने आनंदाने जावं. माझं भांडण परत येताना मनगटावर चढलेल्या घड्याळाशी आहे. तबकडीवर ‘रोलेक्स’ लिहिलेलं असतं, दोन-तीन हजारांत मिळालेलं असतं, आणि चौकात ते कौतुकाने दाखवलं जातं: ‘फर्स्ट कॉपी आहे, ओळखून दाखवा!’

हे घड्याळ घेणं अनीतीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या बाजूने जे बोललं जातं ते वरवर पटण्यासारखं असतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा नुकसानीचा. ‘खरं घड्याळ मी जन्मात घेतलं नसतं. मग कंपनीचं गेलं काय?’ कंपनीचं एक गिऱ्हाईक बुडालं नाही, हे मान्य. पण आपल्याच हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उद्या एखाद्या व्यापाऱ्याने भलतीच हळद पोत्यात भरून त्यावर ‘वसमत’ छापलं आणि वसमतची हळद कधीच न घेणाऱ्या दूरच्या गिऱ्हाइकाला ती विकली, तर वसमतच्या शेतकऱ्याचं गेलं काय? वरच्या हिशेबाने काहीच नाही. तरीही आपण पेटून उठू, आणि ते बरोबरच असेल. शेतकऱ्याने वर्षानुवर्षं माल राखून ते नाव कमावलेलं असतं आणि प्रत्येक खोट्या पोत्यागणिक त्या नावावरचा विश्वास कमी होतो. हळदीला लावतो तो न्याय घड्याळाला लावायला आपण का कचरतो? शिवाय ‘माझ्या एका घड्याळाने काय होतं’ हेही खरं नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना व युरोपीय संघाचं बौद्धिक संपदा कार्यालय यांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगातला बनावट मालाचा व्यापार ४६७ अब्ज डॉलरचा, म्हणजे एकूण आयातीच्या २.३ टक्के होता. तो अशाच एकेका खरेदीतून उभा राहतो.

दुसरा मुद्दा भावाचा. ‘या कंपन्या लुटतात, त्यांना लुटलं तर काय बिघडलं?’ हा राग मला समजतो. दहा लाखांचं घड्याळ म्हणजे २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने १८८ क्विंटल सोयाबीन, आणि तोही हमीभाव पदरात पडला तर. पण लूट तेव्हा होते, जेव्हा ती वस्तू घेतल्यावाचून आपलं भागत नाही. रोलेक्सवाचून कुणाचं अडलंय? औषध महाग झालं तर माणूस मरतो, म्हणून तिथे स्वस्त पर्यायाचा आग्रह धरणं हा न्यायच आहे. २००८ पासून जनऔषधी दुकानांतून तो पर्याय मिळूही लागला. मात्र ते औषध स्वतःच्या नावाने विकलं जातं, महागड्या कंपनीचं नाव चोरून नाही. स्वस्त वस्तू मिळवण्याचा प्रामाणिक रस्ता असा असतो.

तिसरा मुद्दा जशास तसं वागण्याचा. ‘हे परदेशी ब्रँड आमचं उचलतात, तेव्हा कुठे जाते नीती?’ जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये थेट कोल्हापुरी वाटाव्यात अशा चपला आणल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. महाराष्ट्र खवळला. ओरड झाल्यावर या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीतून आल्याचं कंपनीला कबूल करावं लागलं. कोल्हापुरीला २०१९ मध्येच मानांकन मिळालेलं होतं. पण ही लढाई आपण कशाच्या बळावर लढलो? कारागिराचं श्रेय त्याच्या परवानगीवाचून कुणी घेऊ नये, या तत्त्वाच्या बळावर. फर्स्ट कॉपी मनगटावर बांधून तेच तत्त्व आपण मोडत असू, तर मिलानला जाब विचारण्याचा आपला हक्क उरत नाही. तत्त्व मोडल्याने प्राडाचं काही अडणार नाही. ते कोल्हापूरच्या चांभाराला आणि वसमतच्या शेतकऱ्याला महागात पडेल, कारण मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते आणि लहान माणसाच्या हाती या तत्त्वाशिवाय दुसरं काही नसतं.

चौथा मुद्दा कायद्याचा. ‘बँकॉकमध्ये भर बाजारात विकतात. चालत नसतं तर विकलं असतं का?’ भर बाजारात विकतात म्हणजे कायद्याला चालतं असं नाही. थायलंडच्या १९९१ च्या कायद्यात बनावट व्यापारचिन्हासाठी चार वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात असा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. स्वतःपुरतं एखादं घड्याळ घेणाऱ्याला मात्र आपला कायदा शिक्षा करत नाही. इटलीत तसं नाही. तिथे घेणाऱ्यालाही ७,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. फ्रान्समध्ये असा माल नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे. एकच कृत्य एका देशात माफ आणि दुसऱ्यात गुन्हा ठरतं. म्हणूनच ‘पकडणार नाहीत’ आणि ‘योग्य आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. नीतीचा प्रश्न सुरू होतो तो शिक्षेची भीती संपते तिथे.

पाचवा मुद्दा दयेचा. ‘त्या गरीब विक्रेत्याचं पोट भरतं.’ त्याच्या शेजारच्या गाळ्यात टोप्या, पिशव्या, हातकामाच्या वस्तू असतात. त्या विकणाराही गरीबच असतो. दया खरी असेल तर पैसे तिकडे द्यावेत. बनावट घड्याळ ज्या खोलीत जोडलं जातं तिथला कामगार कोण, त्याचं वय काय, त्याला मजुरी किती, हे विचारायला तिथे कुणी जाऊ शकत नाही. ज्या धंद्याला पत्ताच नसतो, त्यात मजुराला दाद मागायलाही दार नसतं.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे. ‘मी फसवतो कुणाला? कॉपी आहे हे मीच सांगतो.’ मित्रांना सांगत असाल. पण त्याच दुकानदाराने तेच यंत्र, तोच पट्टा, तीच चमक कोऱ्या तबकडीत पुढे ठेवली असती तर घेतलं असतं का? नसतंच घेतलं. म्हणजे पैसे मोजले ते नावाचे, आणि विकणाऱ्याला ते नाव विकण्याचा अधिकार नव्हता. शिवाय सोयरिकीच्या बैठकीत, उधारीच्या बोलणीत, नव्या ओळखीच्या माणसासमोर बाही जरा वर सरकते, तेव्हा ‘कॉपी आहे’ हे कोण सांगतं? तिथे आपली पत वाढावी म्हणूनच ते घड्याळ घेतलेलं असतं.

मग घ्यावं काय? याचं उत्तर आपल्याच देशाने देऊन ठेवलं आहे. १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीकडून घड्याळाची विद्या घेतली. करार करून, उघडपणे घेतली आणि बंगळुरूमध्ये तयार झालेल्या घड्याळांवर स्वतःचं नाव घातलं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, तरी एका पिढीच्या लग्नातली ती घड्याळं आजही घराघरांत जपलेली आहेत. १९८४ मध्ये स्थापन झालेली टायटनही स्वतःच्याच नावावर वाढली. दुसऱ्याकडून शिकण्यात कमीपणा नाही आणि स्वस्त घालण्यातही नाही. हजार-बाराशेचं घड्याळ त्याच्या खऱ्या नावासह बांधणाऱ्याला कुणापुढेही बाही खाली ओढावी लागत नाही.

आपल्या भागाला बनावटीची झळ नवी नाही. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून शेतकऱ्यांनी तक्रारींचा पाऊस पाडला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पिशवीवर एक आणि आत भलतंच, याने घर कसं बुडतं हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. कुणी म्हणेल, बियाण्यात शेतकरी नकळत फसतो, घड्याळ तर आपण जाणूनबुजून घेतो. खरं आहे, आणि म्हणूनच घड्याळाचा दोष मोठा आहे. बियाण्यात आपण बळी असतो, घड्याळात भागीदार.

वेष्टनावर लिहिलेलं आत असलंच पाहिजे, ही मागणी आपण कृषी खात्याकडे करतो, न्यायालयाकडे करतो, मिलानच्या कंपनीकडेही करतो. तीच मागणी सहलीच्या बाजारात स्वतःकडे करायला हवी. तिथे ती पाळणाऱ्याने बोगस बियाण्यांविरुद्ध मोर्चात खुशाल पुढे चालावं. त्याच्या घोषणेला उलट उत्तर देता येईल असं कुणाकडे काही नसेल.