बहात्तराव्या वर्षीचा गळ

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्यांना रिक क्लन ठाऊक नसावेत. २०१९ साली, वयाच्या ७२व्या वर्षी, या अमेरिकी गळकऱ्याने फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीवर बास जातीचे मासे पकडण्याची व्यावसायिक स्पर्धा जिंकली.

तिकडे हा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. दिवसाअखेर पाच माशांचं वजन होतं; मासा मेला तर वजन कापतात, कारण तो जिवंत परत सोडायचा असतो. क्लन यांनी ‘बासमास्टर क्लासिक’ ही स्पर्धा चार वेळा जिंकली. १९९० साली तर अखेरच्या दिवशी दहाव्या क्रमांकावरून उसळी घेऊन! पुढे मात्र दशकाहून अधिक काळ विजयाने पाठ फिरवली, ती थेट २०१६पर्यंत. तेव्हाही याच नदीने हात दिला.

आम्हाला कुतूहल आहे ते या मधल्या वर्षांचं. बोट, इंधन, प्रवेशशुल्क यांचा खर्च रिकाम्या हाताने परतणाऱ्यालाही चुकत नाही. पाण्याचं तापमान अंशभर घसरलं की कालची हमखास जागा आज ओस पडते. यात कौशल्य किती नि नशीब किती, यावर आमच्या कार्यालयात अजून एकमत नाही. या अंकात म्हणून खेळाडूंच्या पडत्या मोसमांना जास्त पानं दिली आहेत. चषकांची छायाचित्रं मागच्या पानांवर सापडतील.