नकाराधिकार आणि आपली अलिप्तता

गोवामुक्तीचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास पुढे येतो. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा समितीत रशियाचा नकाराधिकार नसता तर भारताची काय शोभा झाली असती? मग ही कसली अलिप्तता?

आक्षेपातील वस्तुस्थिती आम्हांस मान्य आहे. भारताने सैन्य मागे घ्यावे, या अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांच्या ठरावाला सात मते पडली, विरुद्ध चार. अकरा सभासदांच्या तेव्हाच्या समितीत सातच मते पुरेशी होती. रशियाने नकाराधिकार वापरला नसता तर ठराव संमत झाला असता, यात शंका नाही.

निष्कर्ष मात्र आम्ही नाकारतो. भारताने फेब्रुवारी १९५० मध्येच लिस्बनपाशी वाटाघाटींची मागणी केली होती. ती धुडकावली गेली. १९५१ मध्ये सालाझारने घटना दुरुस्त करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' म्हणविले. (नाव बदलल्याने हक्क सिद्ध होत असता तर आम्हां वकिलांचा धंदाच बसला असता!) पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सभासद, म्हणून २ डिसेंबर १९५५ च्या संयुक्त पत्रकात डलेससाहेबांनीही तोच 'प्रांत' शब्द निमूटपणे उचलला. त्याच सुमारास भारताच्या दौऱ्यावर आलेले बुल्गानिन व ख्रुश्चेव गोव्यातील वसाहतशाहीचा उघड निषेध करीत होते. आम्ही रशियाच्या दारी गेलो नाही; पाश्चात्यांनी आपले दार लावून घेतले.

परंतु आमचे खरे भांडण आहे ते अलिप्ततेच्या आमच्याच वकिलांशी. हंगेरीचे नाव निघताच त्यांची वाचा बसते. नोव्हेंबर १९५६ मध्ये सुएझवरील आक्रमणाचा आपण तत्काळ धिक्कार केला. रशियन फौजांनी हंगेरी सोडावी, या ४ तारखेच्या ठरावावर मात्र तटस्थ राहिलो, आणि राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली तेथे निवडणुका घ्याव्यात, या ९ तारखेच्या ठरावाविरुद्ध तर मतच दिले. उद्या काश्मीरबाबत हाच दाखला आपल्यावर उलटेल, ही धास्ती त्यामागे होती, असे समर्थन केले जाते. असेल. पण प्रत्येक प्रश्न त्याच्या गुणावगुणांवर तोलू, ही प्रतिज्ञा आपलीच होती ना? बुडापेस्टच्या रस्त्यांवर रणगाडे फिरत असताना आपण काश्मीरचा हिशेब मांडीत बसलो. पाच वर्षांनी गोव्याच्या वेळी पाश्चात्यांनी आपल्या नैतिकतेची टर उडविली, तेव्हा ते हत्यार आपणच त्यांच्या हाती दिलेले होते.