फिल्टर चकचकीत, तरी मासे का मरतात?

गोंदिया : तलावांचा जिल्हा ही गोंदियाची ओळख. नवेगावबांधसारख्या तलावात पाणवनस्पती आणि जिवाणू पाणी साफ ठेवतात. घरच्या काचेच्या टाकीत हे काम फिल्टरलाच करावे लागते. म्हणून त्यातील थरांचा क्रम महत्त्वाचा.

पाणी जिथून शिरते तिथे आधी जाड स्पंज, मग बारीक स्पंज किंवा फिल्टरचा कापूस आणि त्यानंतर सिरॅमिक रिंगा. पाणी वरून पडत असेल तर स्पंज वर. खालून चढत असेल तर तळाशी. क्रम उलटला, की रिंगांची छिद्रे गाळाने बुजतात.

याच छिद्रांत वाढणारे जिवाणू माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. ते पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात रिंगा धुतल्या, तर ही मेहनत वाया जाते.

त्यामुळे सगळा फिल्टर एकदम धुण्याची सवय मोडायलाच हवी. पाणी बदलताना टाकीतून काढलेल्या पाण्यातच रिंगा हलक्या हाताने विसळाव्यात. स्पंज दुसऱ्या दिवशी धुवावा.