माळ्यावरची पेटी



“लग्नाआधी मी पेटी वाजवायचे हो, आता कुठली बोटं वळतायत!” हळदीकुंकवाला हे वाक्य ऐकलं नाही असं कधी झालंय का? तुमच्याही माळ्यावर एखादी पेटी, नाहीतर खेळायची रॅकेट धूळ खात पडली असेल. म्हणून आज एका टेनिसपटू बाईंची हकिगत सांगते.

इव्हॉन गूलागाँग हे त्यांचं नाव. जन्म १९५१ चा, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कुटुंबातला. बॅरेलन या लहानशा गावात त्या वाढल्या. वडील मेंढ्यांची लोकर कातरायचे, घरात आठ भावंडं. गावातल्या टेनिस कोर्टाच्या कुंपणाबाहेर उभी राहून ही मुलगी खेळ बघायची. एका भल्या गृहस्थांनी तिला आत बोलावलं आणि तिथून सारं सुरू झालं. १९७१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मार्गारेट कोर्टना हरवून तिनं विंबल्डन जिंकलं.

१९७५ मध्ये लग्न झालं, १९७७ मध्ये मुलगी झाली. आता खेळ सुटला, असंच कुणालाही वाटेल. पण इव्हॉनबाईंनी त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली!

विंबल्डन मात्र सहजी हाती येईना. लग्नाआधी आणि नंतर मिळून तीनदा त्या अंतिम सामन्यात हरल्या होत्या. बाळंतपणानंतर १९७८ साली उपांत्य फेरीत हरल्या, १९७९ सालीही तिथंच. आपण असतो तर म्हटलं असतं, “झालं, आपले दिवस गेले.” त्या तिसऱ्यांदा गेल्या. १९८० साली ख्रिस एव्हर्टना ६-१, ७-६ असं हरवून, नऊ वर्षांनी, त्यांनी पुन्हा विंबल्डन जिंकलं. तेव्हा लेक तीन वर्षांची होती. १९१४ नंतर एका आईनं ही स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ!

आता म्हणाल, “ताई, आम्हांला कुठं विंबल्डनला जायचंय?” खरंय. पण मधली ती दोन वर्षं लक्षात ठेवा. सुटलेली गोष्ट पहिल्या दिवशी परत येत नाही. बोटं अडखळतील, सूर चुकतील, घरातले हसतीलही. त्या दिवसाची तुलना लग्नाआधीच्या दिवसांशी करू नका, कालच्या दिवसाशी करा.

आणखी एक. वेळ उरेल तेव्हा बसू म्हणाल, तर तो कधीच उरणार नाही. संध्याकाळचा अर्धा तास ठरवा आणि घरात स्पष्ट सांगा. कुकरच्या शिट्ट्या काय, यजमानांनाही मोजता येतात!

या रविवारी पेटी खाली काढा. भाता फाटला असेल तर दुरुस्तीला टाका. आणि पहिलं गाणं कोणतं वाजवलंत, ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई